फ्युशिया हलवायचा तर डोळे फुटताना, आणि आधीपेक्षा खोल

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एका ताईंनी विचारलं आहे. स्वयंपाकघर मागच्या अंगाने वाढवायचं आहे, मिस्त्री मे महिन्यात येणार आहेत आणि पाया नेमका जिथे खणायचा तिथेच भिंतीलगत फ्युशियाची तीन फुलझुडपं आहेत. एक घर घेतलं त्याच्याही आधीपासूनचा, माणसापेक्षा उंच, बारीक लाल-जांभळ्या फुलांचा. दुसरा ‘मिसेस पॉपल’ वाणाचा, पाच वर्षांचा. तिसरा ‘टॉम थंब’ वाणाचा, दोन वर्षांपूर्वी कुंडीतून जमिनीत लावलेला. आत्ता फेब्रुवारीत तिन्ही झाडं नुसत्या काटक्या दिसतात, तर झोपेत आहेत तोवर हलवून टाकू का? की उपटून कुंड्यांत ठेवू आणि ऑक्टोबरमध्ये लावू? आणि जुनं झाड जगेल, की त्याचा नाद सोडावा?

ताई, तिन्ही जगतील. मात्र आत्ता हात लावू नका आणि ऑक्टोबरची वाटही बघू नका. तुमच्या भागात मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा मध्य हे दिवस धरा. मिस्त्री येण्याआधी पुरेसा वेळ आहे.

मी २६ वर्षं इंग्लंडमध्ये बागकाम करते, त्यातली पहिली नऊ एका रोपवाटिकेत काढली. बाहेर जमिनीत राहून थंडी काढणारे फ्युशिया मी शंभरावर तरी हलवले असतील. त्यातले जे गेले ते जवळजवळ सगळे दोनच कारणांनी गेले. एक तर चुकीच्या महिन्यात हलवले, नाहीतर उथळ लावले. म्हणून या दोन गोष्टींवर जरा सविस्तर लिहिते, बाकीचं थोडक्यात.

आधी वेळ. पानं गळालेलं झाड झोपलेलं असतं आणि झोपेत हलवलं की त्याला कळत नाही, हा समज गुलाबाला आणि सफरचंदाला बरोबर लागू पडतो. इथले माळी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उघड्या मुळांची गुलाबाची रोपं बिनधास्त लावतात. मीही तेच पाहून शिकले, आणि पहिल्याच वर्षी एका घरचं सुंदर ‘मिसेस पॉपल’ नोव्हेंबरात हलवलं. हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, छान निघाली, खड्डा चांगला केला, पाणी घातलं. एप्रिलमध्ये बोट घालून पाहिलं तर मुळं काळी, मऊ, दाबल्यावर साल सुटून हातात येणारी. झाड थंडीने गेलं नव्हतं. तोडलेल्या मुळांच्या जखमा चार महिने थंड चिखलात भरून न येता राहिल्या आणि तिथून कूज चढली. त्या घरच्या आजीबाईंनी ते झाड पतीच्या आठवणीसाठी लावलं होतं. त्यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही, पण ते झाड माझ्या मनातून आजही गेलेलं नाही.

असं का होतं ते या झाडाच्या मूळ गावावरून कळतं. आपण ज्यांना थंडीत टिकणारे फ्युशिया म्हणतो, त्यातले बरेचसे मॅजेलानिका या जातीचे किंवा तिच्या रक्ताचे. ही जात दक्षिण चिली आणि अर्जेंटिनाची, थेट टिएरा देल फ्यूगोपर्यंत पसरलेली. ओढ्याच्या काठी, जंगलाच्या कडेला, गार दमट हवेत ती वाढते. तिथले लोक तिला चिल्को म्हणतात आणि तिच्या फुलांवर हमिंगबर्ड येतात. वरच्या फांद्या कडाक्यात जळाल्या तरी जमिनीतला बुंधा जिवंत राहतो आणि वसंतात खालून नवे धुमारे येतात, असं तिचं जगणं. म्हणजे जीव जमिनीखाली, आणि मुळं चालू होतात ती माती उबायला लागल्यावर. गुलाबाइतकी सोशिक, जाड मुळं तिला नाहीत. तिची मुळं बारीक, केसाळ, वरच्या वीतभर मातीत जाळीसारखी पसरलेली. ती तोडली तर लगेच नवी फुटायची सोय हवी. ती सोय फेब्रुवारीच्या मातीत नाही. एप्रिलच्या मातीत आहे.

तारीख मी सांगितली, पण खरी खूण झाडावर बघायची. मार्चच्या मध्यापासून आठवड्यातून एकदा बुंध्याशी गुडघे टेकून बसा. वरच्या काटक्यांकडे बघू नका. जिथे खोड मातीला भेटतं तिथला पालापाचोळा बोटाने बाजूला करा. तांबूस, मोहरीएवढे डोळे दिसायला लागतात. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ते ज्वारीच्या दाण्याएवढे होतात, मग टोकाला हिरवं दिसतं. मोहरी ते ज्वारी आणि हिरवं टोक, एवढाच तो काळ. पानं उलगडून बोटाच्या पेराएवढी झाली की उशीर झाला असं समजा. हलवता तेव्हाही येतं, पण मग तोडलेल्या मुळांना पानांचीही तहान भागवावी लागते आणि झाड महिनाभर मलूल राहतं.

दुसरी खूण मातीची. आपल्याकडे पेरणीला वाफसा बघतात, तोच इथेही बघायचा. मूठभर माती दाबून लाडू करा आणि अंगठ्याने टोचा. फुटून भुगा झाला तर कामाला लागा. अंगठ्याचा ठसा उमटून लाडू तसाच राहिला तर थांबा. चिकण मातीत ओल असताना फावडं मारलं की खड्ड्याच्या भिंती घासलेल्या मडक्यासारख्या गुळगुळीत होतात, आणि त्यातून मुळं बाहेर पडत नाहीत.

कॉर्नवॉलमध्ये, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर किंवा आइल ऑफ मॅनला राहणाऱ्यांनी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हलवलं तरी चालतं, कारण तिथली माती डिसेंबरपर्यंत उबदार असते आणि कडाक्याचं दव, म्हणजे गोठणारं हिमदव, क्वचित पडतं. आयर्लंडच्या वेस्ट कॉर्क आणि केरीमध्ये तर मैलोन् मैल रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना फ्युशियाची कुंपणं आहेत. दक्षिण अमेरिकेतून आलेलं झाड, पण तिथल्या लोकांनी त्याला आयरिश भाषेत आपलं नाव दिलंय, देओरा डे, म्हणजे देवाचे अश्रू. पावसात ती लाल फुलं ठिबकताना पाहिली की नाव कुठून आलं ते विचारावं लागत नाही. नॉटिंगहॅम, लीड्स, ग्लासगोच्या आतल्या भागात मात्र ऑक्टोबरचा मोह टाळा.

आता खोली. इथे माझी आणि माझ्या वडिलांची शिकवण समोरासमोर येते, म्हणून नीट सांगते. वडिलांची कोकणात आंब्याच्या कलमांची रोपवाटिका होती. लहानपणापासून एकच वाक्य ऐकलं: कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, मान गाडली की झाड गेलं. आंब्यासाठी ते शंभर टक्के खरं आहे. पिशवीत किंवा हुंडीत झाड जेवढं खोल होतं तेवढंच जमिनीत, हा नियम आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत असतो.

फ्युशियाला हा नियम लागू नाही. तो कलम केलेला नसतो, स्वतःच्याच मुळावर वाढलेला असतो. त्याचं खोड मातीत गाडलं की कुजत नाही, उलट गाडलेल्या प्रत्येक पेराला मुळं सुटतात आणि डोळे तयार होतात. हे मातीखालचे डोळे म्हणजे त्याची थंडीतली शिल्लक. वरचं सगळं जळलं तरी पाच-आठ सेंटीमीटर मातीच्या पांघरुणाखालचे डोळे वाचतात. म्हणून फ्युशिया लावताना खोड आणि मूळ जिथे मिळतात ती जागा जमिनीच्या पातळीखाली किमान पाच सेंटीमीटर जायला हवी. मध्य आणि उत्तर इंग्लंडमध्ये मी आठपर्यंत नेते.

डिसेंबर २०१० आठवतो का? या देशातला शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर होता तो. तेव्हा माझ्या देखरेखीखाली एका मोठ्या बागेत फ्युशियाच्या दोन रांगा होत्या. एक रांग माझ्या आधीच्या माळ्याने कुंडीतल्या पातळीला लावलेली, दुसरी मी खोल लावलेली. मेअखेरपर्यंत दोन्ही रांगा सारख्याच मेलेल्या दिसत होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या रांगेत मातीतून लाल देठांचे कोंब वर आले, ऑगस्टमध्ये फुलं लागली. दुसऱ्या रांगेतली बहुतेक झाडं उठलीच नाहीत. माती तीच होती, वारा तोच होता, जातही तीच होती.

तुमचं ‘टॉम थंब’ कुंडीतून लावलं तेव्हा ते बहुधा कुंडीच्याच पातळीला लागलं असणार. बहुतेक जण तसंच करतात, रोपासोबतच्या चिठ्ठीवर हे क्वचितच लिहिलेलं असतं. म्हणून हे हलवणं नुसतं संकट समजू नका. एकदा जमिनीत गेलेलं झाड खोल बसवायची संधी सहसा पुन्हा मिळत नाही, ती तुम्हाला मिळाली आहे.

पण एकदम आठ सेंटीमीटर माती ओढून डोळे गाडायचे नाहीत. इथे आपलं आळं कामाला येतं. झाड खड्ड्यात खोल बसवा, पण माती मात्र त्याच्या जुन्या रेषेपर्यंतच भरा. म्हणजे झाडाभोवती ताटाएवढं खोलगट आळं राहील. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायची सोय होते. जून, जुलै, ऑगस्टमध्ये धुमारे वाढतील तशी दर दोन-तीन आठवड्यांनी मूठ-दोन मूठ भुसभुशीत माती नि पानांचं खत आळ्यात टाकत जा. सप्टेंबरपर्यंत आळं जमिनीला सपाट झालं पाहिजे. कोंब अंधारात गुदमरत नाहीत, आणि गाडलेल्या भागाला मुळं फुटायला पूर्ण उन्हाळा मिळतो. तुमची माती खूपच चिकण असेल आणि मुसळधार पावसात आळ्यात पाणी तुंबत असेल, तर वाफाच हातभर रुंद नि चार बोटं उंच करून त्यात आळं करा.

आता प्रत्यक्ष काम. नवी जागा मार्चमध्येच तयार ठेवा, झाड हातात घेऊन खड्डा खणत बसू नका. जागा निवडताना भिंतीपासून किमान अर्धा मीटर लांब राहा, कारण भिंतीच्या पायथ्याशी पाऊस पोचत नाही. फ्युशियाला गार, ओलसर पाय आवडतात. त्याच कुळातली पिवळ्या फुलांची पाणलवंग आपल्याकडे ओढ्याकाठी आणि भातखाचराच्या बांधावर उगवते, हे लक्षात ठेवलं तरी पुरे. पश्चिमेकडची जागा सर्वांत चांगली. पूर्वेकडच्या उघड्या जागेत दवाने गोठलेल्या कोवळ्या कोंबांवर पहाटेचं ऊन एकदम पडतं आणि ते काळे पडतात. तिथे लावावंच लागलं तर पुढे दुसरं झुडूप असू द्या. अंतर म्हणाल तर ‘टॉम थंब’ला ३० सेंटीमीटर, ‘मिसेस पॉपल’ला ९०, मोठ्या झाडाला सव्वा ते दीड मीटर.

खड्डा हुंडीच्या दुप्पट रुंद, खोली हुंडीएवढी अधिक आठ सेंटीमीटर. तळाला खडी टाकू नका. निचऱ्यासाठी म्हणून टाकतात, पण चिकण मातीत खडीच्या वर पाणी अडून बसतं. त्याऐवजी खड्ड्याच्या भिंती आणि तळ दाताळ्याने खरवडून ठेवा. काढलेल्या मातीत तीन घमेल्यांना एक घमेलं या हिशोबाने कुजलेल्या पानांचं खत किंवा घरचं कंपोस्ट मिसळा. ताजं शेणखत किंवा कोंबडीखत अजिबात नको, तोडलेल्या मुळांना ते पोळतं.

हलवायच्या दिवशीच फांद्या छाटायच्या, त्याआधी नाही. मागच्या वर्षीच्या काटक्या म्हणजे बुंध्यावरचं छप्पर असतं. दव आणि वारा त्या आधी आपल्या अंगावर घेतात. त्या दिवशी मात्र जमिनीपासून २५ सेंटीमीटरवर सगळ्या कापा. एवढी लांबी ठेवली की आठ सेंटीमीटर गाडल्यावरही वर वीतभर खोड उरतं आणि धरायला मूठही राहते. कापताना वाईट वाटेल, पण फ्युशिया नव्या वाढीवरच फुलतो. जुन्या फांद्यांत यंदाची फुलं नाहीतच.

आदल्या दिवशी माती कोरडी असेल तर भरपूर पाणी द्या. मग धारदार फावड्याने झाडाभोवती गोल कापत जा, उचलायची घाई न करता आधी पूर्ण वर्तुळ. ‘टॉम थंब’ला बुंध्यापासून १५ सेंटीमीटरवर, ‘मिसेस पॉपल’ला ३० वर, मोठ्याला ४५ वर. फावड्याचं पातं उभंच आत गेलं पाहिजे, पूर्ण खोल. वर्तुळ झालं की बाहेरच्या बाजूने थोडा चर काढा, तिथून फावडं तिरकं आत घालून खालची मुळं तोडा. मुळं तुटताना बारीक करकर आवाज येतो. तो थांबला आणि झाड हलकं डोललं की हुंडी सुटली. एका बाजूला कलवून खाली गोणपाट सरकवा, मग दुसऱ्या बाजूला कलवून गोणपाट ओढून घ्या. खोड धरून उचलू नका. मोठ्या झाडाची ओली हुंडी दोन माणसांनाही उचलवत नाही, गोणपाटावरून ओढत न्या.

जुन्या झाडाबद्दल तुम्ही सर्वांत जास्त काळजीत दिसता, म्हणून त्याचं वेगळं सांगते. ते अख्खं हलवायचा आग्रह धरू नका. पंधरा-वीस वर्षांच्या मॅजेलानिकाच्या मधोमध लाकडाचा कठीण गड्डा होतो, त्यात जीव कमी आणि वजन फार. खरा जोम कडेच्या फुटव्यांत असतो. शेवंतीचा जुना बुंधा फोडून कडेचे फुटवे लावतात ना, तसंच करा. हुंडी बाहेर काढल्यावर माती हाताने थोडी झाडा, म्हणजे कुठला फुटवा कुठल्या मुळावर उभा आहे ते दिसेल. जिथे नैसर्गिक फट आहे तिथे फावडं ठेवून पायाने दाबा. लाकूड आडवं आलं तर जुनी करवत वापरा, चांगली करवत मातीने खराब होते. प्रत्येक तुकड्याला तीन-चार फुटवे आणि मूठ भरेल एवढी बारीक मुळं हवीत. एका मोठ्या झाडाची चार तरी झाडं निघतील. मधला लाकडी गड्डा टाकून द्या. त्याचं दुःख करू नका, कडेचे तुकडे म्हणजे तेच झाड आहे.

लावल्यावर माती हाताने दाबा, टाचेने तुडवू नका. पाऊस पडत असला तरी दहा लिटर पाणी झारीने सावकाश घाला. हे पाणी तहानेसाठी नाही, मातीतल्या पोकळ्या बुजवण्यासाठी आहे. मुळांभोवती हवा राहिली की ती टोकाला सुकतात. त्यानंतर जमिनीखाली बोट घालून बघायचं, पेरभर कोरडं लागलं तर पाणी. एप्रिल कोरडा गेला, आणि अलीकडे तो अनेकदा जातो, तर आठवड्यातून दोनदा तरी द्यावं लागेल. इथे पाऊस असतोच असं धरून आपण बेसावध राहतो, आणि हलवलेली झाडं मे महिन्यात पाण्यावाचून जातात.

मेच्या मध्यापर्यंत दवाची भीती राहते. रात्रीचं तापमान शून्याकडे जाणार असं दिसलं की कोंबांवर बागेतलं पांढरं फ्लीस (झाडांवर पांघरायचं पातळ कापड) टाका, नाहीतर एखादी जुनी सुती साडी. सकाळी काढा. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नका.

खत पहिले सहा आठवडे काहीच नाही. नवी मुळं अन्नाच्या शोधात पसरली पाहिजेत. जूनपासून ऑगस्टअखेर दर पंधरा दिवसांनी टोमॅटोचं पातळ खत, बाटलीवर लिहिलंय त्याच प्रमाणात. सप्टेंबरात बंद, म्हणजे लाकूड थंडीआधी पक्कं होतं. कोंब वीतभर झाले की एकदा शेंडे खुडा, झाड दाट होतं. यंदा फुलं जुलैऐवजी ऑगस्टमध्ये येतील, ती येऊ द्या.

कुंडीत ठेवायचा प्रश्न उरतो. मिस्त्रींनी ठरल्यापेक्षा लवकर, मार्चच्या सुरुवातीलाच यायचं म्हटलं, तरच कुंडीकडे वळा. तेव्हा हुंडी काढून तिच्यापेक्षा पाच सेंटीमीटर रुंद कुंडीत साध्या कंपोस्टमध्ये बसवा आणि बिनउबेच्या गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये ठेवा. पाणी अगदी जपून, माती नुसती ओलसर. डोळे फुटले की उजेडात आणा आणि मेच्या मध्यानंतर जमिनीत लावा. पण ऑक्टोबरपर्यंत कुंडीत ठेवू नका. उन्हाळाभर कुंडीत वाढलेली मुळं गोल गोल फिरतात आणि ऑक्टोबरमध्ये लावल्यावर थंडीआधी बाहेर पडायला त्यांना वेळच मिळत नाही.

बांधकामाचं आणखी एक. नवी जागा मिस्त्रींच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि सिमेंट कालवायच्या जागेपासून दूर ठेवा, आणि त्यांना आधीच दाखवून ठेवा. सिमेंटचं धुतलेलं पाणी चुन्यासारखं जहाल असतं. ते झाडाच्या आळ्यात गेलं तर वर सांगितलेली सगळी मेहनत वाया. चार काठ्या रोवून रंगीत दोरी बांधा.

हुंडी बाहेर निघेल तेव्हा पाच मिनिटं मुळांकडे नीट बघा. पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या बारीक अळ्या दिसल्या तर तो वाइन वीव्हिल नावाचा भुंगा. दिसायला आपल्या हुमणीची धाकटी बहीण, आणि उद्योग तोच, मुळं खाणं. दिसतील तेवढ्या वेचून काढा, ती माती नव्या खड्ड्यात घालू नका. मग या अळ्या मारणारे, जमिनीत सोडायचे सूक्ष्म सूत्रकृमी मिळतात, त्यातली थंड मातीत चालणारी जात पाच अंशांपासून काम करते. ते एप्रिलमध्ये एकदा आणि पुन्हा ऑगस्टअखेर पाण्यातून द्या. पानांच्या कडा कुरतडून खाचा पडल्या असतील तर भुंगे रात्री वर चढतात असं समजा.

दुसरा त्रास अधिक वाईट. शेंडे सुजून, पिळवटून, केसाळ लालसर गोळे झाल्यासारखे दिसत असतील तर तो फ्युशियाचा गॉल माइट. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा कोळी आहे, मूळ ब्राझीलचा. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला आणि २००७ मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये पोचला. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या झाडांवर असं काही दिसलं होतं का, ते आठवून बघा. दिसलं असेल तर छाटलेल्या फांद्या कंपोस्टमध्ये न टाकता जाळा किंवा पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, आणि त्या झाडाची रोपं कुणालाही देऊ नका. जाड, तपकिरी, डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी मात्र घाबरून मारू नका. ती एलिफंट हॉक मॉथ नावाच्या गुलाबी पतंगाची. चार पानं खाऊन जाते, झाडाला काही होत नाही.

विमा म्हणून छाटकलमं करून ठेवा. हलवताना ज्या फांद्या कापाल त्या जुन्या आहेत, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. मेअखेर जे नवे कोंब येतील त्यातले बोटाएवढे तीन-चार कापा, खालची पानं काढा आणि निम्मं कंपोस्ट नि निम्मी वाळू भरलेल्या छोट्या कुंडीच्या कडेने खोचा. वरून पारदर्शक पिशवी, उजेड पण थेट ऊन नाही. फ्युशिया इतका सहज मूळ धरतो की तीन-चार आठवड्यांत खालच्या भोकातून पांढरी मुळं डोकावतात. यांना पहिला हिवाळा घरातल्या गार खिडकीत काढू द्या आणि पुढच्या मेअखेर, अर्थात खोल, बाहेर लावा.

नोव्हेंबरात पहिल्या दवाने पानं काळी पडली की बुंध्यावर दहा-पंधरा सेंटीमीटर जाड आच्छादन घाला. कुजलेली पानं, सालीचा भुसा, काहीही चालेल. यंदाचा हिवाळा हलवलेल्या झाडाचा पहिला आहे, म्हणून नेहमीपेक्षा जास्त घाला. काटक्या कापू नका, त्या पुढच्या एप्रिलपर्यंत तशाच राहू द्या.

यंदा लावल्यानंतर मेअखेरपर्यंत एखाद्या झाडावर काही हललं नाही तर अंगठ्याच्या नखाने खोडाची साल हलकेच खरवडून बघा. खाली ओलं हिरवं दिसलं तर जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर खाली सरकत जा, अगदी मातीपर्यंत, मग मातीच्या आत. वर कोरडं आणि आत हिरवं असं कैकदा सापडतं. ३० जूनपर्यंत कुठल्याही फ्युशियाला मेला म्हणून उपटू नका. आणि त्या मोठ्या झाडाच्या चार तुकड्यांपैकी एक शेजारी द्या. तुमच्याकडचा चुकून गेलाच, तर परत मागायला जागा राहील.